शिल्लक पाहायला गेलो तेव्हा

बाबांची उशी पिवळी व्हायची. तारापूरच्या एमआयडीसीत रंगांचा कच्चा माल तयार करणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथली पिवळी भुकटी कातडीतून आत जाऊन बसली ती बसलीच. घाम यायचा तोच पिवळा. आई त्यांचे अभ्रे आणि बनियन वेगळ्या बादलीत धुवायची. निवृत्त झाल्यावर पिवळेपणा हळूहळू उतरत गेला. आधी उशीवर डोक्याच्या आकाराचा डाग पडायचा, मग नुसती कड उमटायची, मग तीही दिसेनाशी झाली. "निघाला एकदाचा," आई म्हणाली होती, घरी ठाण मांडून बसलेला पाहुणा गेल्यासारखी.

हे आधी सांगते, कारण पुढची गोष्ट एका कंपनीच्या ताळेबंदाची आहे आणि ताळेबंद म्हटलं की लोक पान उलटतात.

आमचं घर बेटेगावचं. थोडी भातशेती, परसात वाल आणि वांगी. आमच्या सगळ्या कुळात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. पालघरच्या कॉलेजात बी. कॉम. केलं, आता कोळगावच्या रस्त्यावर एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते. दुकानदारांचे हिशेब, पतपेढ्यांची लेखापरीक्षणं, असलं सगळं. गावात कोणाला बँकेचा कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो. मला ते आवडतं.

बाबांची कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा तिनं कामगारांनाही थोडे थोडे शेअर घेऊ दिले होते. बाकीच्यांनी भाव चढताच विकून मोटारसायकली घेतल्या. बाबांनी ठेवले. मग दर वर्षी पोस्टानं कंपनीचा वार्षिक अहवाल यायला लागला. जाड, गुळगुळीत कागदाचा, वर हिरव्या झाडाचं चित्र. कारखान्यात तसं झाड मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. मी शाळेत असल्यापासून ते अहवाल माझ्यासमोर ठेवायचे आणि एकच गोष्ट विचारायचे.

"बाय, शिल्लक किती झाली?"

कुठल्या तरी शिकलेल्या माणसानं त्यांना एकदा ती ओळ दाखवून ठेवली होती. राखून ठेवलेला नफा. मी बोट फिरवत ती ओळ शोधायची आणि आकडा वाचायची.

"गेल्या सालापेक्षा वाढली ना?"

"वाढली."

"मग झालं."

एवढं झालं की अहवाल माळ्यावर जायचा, बियाण्याच्या कणगीशेजारी. आता हे आमच्याकडचं सांगायला हवं. पुढच्या वर्षीच्या पेरणीचं भात आम्ही कणगीत भरतो आणि तोंड शेणानं लिंपून टाकतो. पेरणीपर्यंत ती कणगी उघडायची नाही. हात घालून बघायचं नाही, किती आहे म्हणून बोलायचंही नाही. घरात तांदूळ संपला तरी माणूस शेजाऱ्याकडे जाईल, कणगीकडे बघणार नाही. बाबांनी कंपनीची शिल्लक त्याच नियमात बसवली होती. वर्षातून एकदा आकडा ऐकायचा, बाकीची पानं मिटलेली ठेवायची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी जुने अहवाल चाळायला माळ्यावर चढले, तर आई खालून ओरडली, "बियाच्या बाजूचं काय उपसतेस? खाली उतर आधी." मी उतरले. नंतर नोकरी लागली, आणि जगाचे ताळेबंद वाचता वाचता घरचा तेवढा राहून गेला.

बाबांच्या मनात शिल्लक म्हणजे एक जागा होती. आमची बस बोईसरच्या नाक्यावरून जाताना ते खिडकीतून पश्चिमेला बोट दाखवायचे. चिमण्या, टाक्या, त्यामागे धुरकट आभाळ. "त्या बाजूला असंल," ते म्हणायचे. आई म्हणायची, "असंल तर असंल, खिडकी लावा, वास येतो."

मागच्या वर्षी वैशाखात कंपनीचं एक जाड पाकीट आलं. मालक मंडळी कंपनी शेअर बाजारातून काढून घेणार होती. लहान भागधारकांकडे असलेले सगळे शेअर ती स्वतः विकत घेणार होती, ठरलेल्या भावानं, ठरलेल्या मुदतीत. मुदतीनंतरही काही काळ मालकच घेतील असं लिहिलं होतं. त्यानंतर मात्र विकायला बाजारच उरणार नव्हता.

ही गोष्ट आमच्या घरात आईच्या गुडघ्यांपाशी येऊन थांबली. दोन्ही गुडघे गेले होते. पायरी चढताना ती भिंतीला धरून आधी एक पाय वर टाकायची आणि दुसरा ओढून घ्यायची, मध्ये थांबून कोणाला तरी शिव्या द्यायची, बहुतेक पायरीला. डॉक्टरनं दोन्ही बदलायला सांगितले होते. शेअरचे पैसे आले की तेवढं भागत होतं, दुसरी सोय नव्हती. आणि बाबा विकायला तयार नव्हते.

"बाय, तूच हिशेब कर," ते म्हणाले. "सगळी शिल्लक भागिले सगळे शेअर. एका शेअरला किती येतं?"

मी केला. कागदावर एका शेअरमागे राखून ठेवलेला नफा जेवढा येत होता, त्यापेक्षा मालक देत असलेला भाव बराच कमी होता.

"मंजी कणगीत एवढं भात, आन ते आपल्याला देणार मूठभर," बाबा म्हणाले. "हे कुठलं गणित?"

खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नव्हता. कंपनीच्या भागधारकांचा फोनवर एक गट होता. तिथंही तेच चाललं होतं. विकू नका, लुटतायत, आपल्या हक्काची शिल्लक गिळतायत. मीही दोन दिवस त्याच बाजूनं विचार करत होते.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या बापाच्या कंपनीत माझे गुडघे अडकलेत. एवढंच लिही त्यांना."

"गमजा नको करू," बाबा म्हणाले.

"गमजा करते म्हणून उभी तरी हाय."

त्या रविवारी सकाळी मी माळ्यावर चढले. आई खाली शिडी धरून उभी होती आणि या वेळी काही बोलली नाही. सगळे अहवाल खाली आणून ओटीवर मांडले. बाबा लांबूनच बघत होते, कणगी फोडताना बघावं तसे.

मी त्यांना जे सांगितलं ते इथंही सांगते. राखून ठेवलेला नफा म्हणजे कुठं ठेवलेले पैसे नव्हेत. तो मागच्या सगळ्या वर्षांचा एक जबाब आहे. एवढा नफा झाला, त्यातला एवढा भागधारकांना वाटला नाही, कंपनीतच राहिला. बस्स. राहिला म्हणजे नोटांच्या रूपात राहिला असं नाही. त्याचं पुढं काय झालं, ते ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला बघायचं. यंत्रं घेतली, जमीन घेतली, माल साठवला, गिऱ्हाइकांकडे उधारी राहिली, का बँकेत ठेवला. एका बाजूला आकडा वाढत असला तर दुसऱ्या बाजूला काय वाढतंय ते शोधायचं. आणि त्यानंतर खरा प्रश्न विचारायचा, की जे राखलं त्यानं पुढं नफा वाढवला का? पेरलं ते उगवलं का?

"मग बघ," बाबा म्हणाले. "उगवलं का ते."

मी बघितलं. बरीच वर्षं शिल्लक वाढत होती आणि नफा होता तिथंच होता. जुना कारखाना जेवढं कमवायचा तेवढंच कमवत होता. बँकेत फार काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला एकच ओळ शिलकीच्या बरोबरीनं वाढत गेली होती. नव्या कारखान्याची, जो अजून चालू व्हायचा आहे. काम चालू असलेला प्रकल्प. एका अहवालात तो पुढच्या वर्षी सुरू होणार होता. नंतरच्या अहवालातही पुढच्या वर्षी. वाक्य तेच, शब्दाला शब्द, फक्त चित्रातलं झाड बदललेलं. मी एकामागून एक अहवाल उघडत गेले आणि दर वेळी तेच वाक्य वर येत गेलं. शेवटी शेवटी मला पान उघडायच्या आधीच ते ऐकू यायला लागलं.

"बांधलाय तो," बाबा म्हणाले. "मी कामावर होतो तवाच पाया घातला होता. आपल्या प्लांटच्या मागं, खाडीच्या अंगाला."

"मग चालू का नाही?"

"होईल. मोठं काम हाय."

"बाबा, चला बघून येऊ."

ते उठलेच. आत जाऊन नवा शर्ट घातला. मीच दिवाळीला घेतला होता, पांढरा, एकदाही न वापरलेला. जुनं ओळखपत्र खिशात टाकलं. आई म्हणाली, "लग्नाला निघालाय का?" बाबा म्हणाले, "कंपनीत चाललोय." निवृत्तीनंतर ते शब्द घरात कोणी उच्चारले नव्हते.

स्कूटरवरून निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बोईसरचा बाजार रविवारच्या दुपारचा अर्धा मिटलेला. रेल्वे फाटकापलीकडे एमआयडीसीचे रस्ते सुरू झाले की हवा बदलते. तिथं राहणाऱ्याला ते नाकानं कळतं, दर वळणावर वेगळं. एका वळणावर आंबट, पुढच्यावर जळक्या साखरेसारखं. गटारातलं पाणी विटकरी होतं. माझ्यामागे बसलेले बाबा प्रत्येक वळणाच्या आधीच सांगत होते, "आता डावीकडं. आता सरळ." मी हा रस्ता लहानपणापासून बघत आले होते. त्यांना सांगायची गरज नव्हती, पण ते सांगत होते, आणि त्यांचा आवाज मला जरा तरुण वाटला.

जुना कारखाना मागं टाकला. तिथं ट्रक उभे होते, वाफ निघत होती, गेटवर दोघं तंबाखू मळत बसले होते. त्याच्या कुंपणाला धरून कच्चा रस्ता खाडीकडे जात होता. शेवटाला नवा कारखाना.

तो तिथं होता. आधी हेच सांगायला हवं, कारण अहवालातले फोटो बघूनही मला वाटलं होतं तिथं रान माजलेलं असेल, चार खांब असतील, काहीच नसेल. फोनवरच्या गटात लोक चोरी, चोरी म्हणत होते. तसं काही नव्हतं. होतं सगळं. चार मजली लोखंडी सांगाडा, त्यात बसवलेली मोठाली भांडी, निळ्या हिरव्या रंगाच्या पाइपांची जाळी, जिने, कठडे, दिवे. भर उन्हात दिवे लागलेले होते. "सुरक्षा प्रथम" लिहिलेली पाटी. हेल्मेटं टांगायचे हूक, आणि प्रत्येक हुकावर पिवळं हेल्मेट. शेडबाहेर बुटांचे जोड ओळीनं लावलेले. मला वाटलं, रविवार असून आत माणसं आहेत. मग जवळ गेल्यावर बुटांवर बोटभर धूळ दिसली.

गेटवर एक पहारेकरी होता. उत्तरेकडचा, पन्नाशीचा, खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेला. बाबांनी ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं.

"रिटायर हो गए चाचा?"

"हां. अंदर देखने का है."

"अंदर कुछ नहीं है देखने को. सब है, कुछ नहीं है." तो हसला आणि उठला. "आइए. कोई आता नहीं. दो बात हो जाएगी."

गेटच्या आत हजेरीचं यंत्र होतं, चेहरा ओळखणारं. पहारेकरी त्याच्यासमोरून गेला तसा आतून बाईचा आवाज आला, धन्यवाद.

"मुझे अकेले को पहचानती है," तो म्हणाला. "दिन भर धन्यवाद बोलती है. घरवाली ने आज तक नहीं बोला."

बाबा आत चालत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वाईट सांगणार नाही. ते खूश होते. नव्या घरात माणूस फिरतो तसे फिरत होते. एका भांड्याला हात लावून म्हणाले, "हे काचेच्या अस्तराचं. आमच्या वेळी एकच होतं, त्याला साहेब हात लावू द्यायचा नाय." वर बघत म्हणाले, "बघ बाय. हाय ना? तुला वाटलं कागदावरच हाय."

आणि खरंच, होतं. सगळी शिल्लक तिथं उभी होती. बाबांनी कामावर घालवलेलं आयुष्य, त्यांच्यासारख्या सगळ्यांचं, भागधारकांना न वाटलेला एकेक रुपया, त्याचं हे लोखंड झालं होतं. बाबा बसच्या खिडकीतून बोट दाखवायचे ती जागा बरोबर निघाली होती.

मी पाइपाच्या कडेकडेनं चालत राहिले, कुठं जातोय ते बघायला. पाइप भिंतीतून बाहेर गेला, खाडीच्या बाजूच्या टाकीजवळ आला आणि तिथं संपला. तोंडावर लोखंडी चकती बसवून बोल्ट आवळलेले. शेजारचाही तसाच. सगळेच. आत येणाऱ्या पाण्याला तोंड नव्हतं आणि बाहेर जाणाऱ्यालाही नव्हतं. बोल्टांना खाऱ्या वाऱ्यानं लाल पापुद्रे आले होते. बोट लावलं तर पापुद्रा हातात आला.

"परमिशन नहीं मिली," पहारेकरी मागं येऊन म्हणाला. "गंदा पानी कहाँ छोड़ेंगे, उसकी. कब से कागज घूम रहा है. साहब लोग आते हैं, फोटो निकालते हैं, जाते हैं."

फोटो कशाला, ते मला माहीत होतं. मी सकाळीच ते माळ्यावरून उतरवले होते.

तेवढ्यात भोंगा झाला.

इतका जवळून की छातीत आवाज शिरला. मी कठड्याला धरलं. तो आवाज मी ओळखत होते. तो आमच्या घरचा आवाज होता. पश्चिमेचा वारा असला की तीनचा भोंगा बेटेगावापर्यंत ऐकू येतो. तो झाला की आई चहाचं आधण ठेवते. सकाळी सातचा झाला की शेजारची सून डबा भरते. रात्री अकराचा झाला की गावातली म्हातारी माणसं कूस बदलतात. जुन्या कारखान्यानं आपला भोंगा केव्हाच काढून टाकला होता, हे मला बाबांकडूनच ठाऊक होतं. मग हा कुणाचा, असं आम्ही कधी विचारलं नव्हतं. असेल कुठल्या तरी कंपनीचा.

"टाइमर पे है," पहारेकरी ओरडून म्हणाला. "ट्रायल के टाइम लगाया था. बंद करने का आर्डर नहीं आया."

भोंगा थांबला. नंतरची शांतता फार लांबली. कुठं पाखरू नव्हतं, पंखा नव्हता, वाफ नव्हती. दिवे तेवढे जळत होते.

मी बाबांना शोधलं. ते गेटकडे चालले होते. घाईनं नाही, पण थांबतही नव्हते. जमिनीवर पिवळी रेघ आखलेली होती, पाळीला येणाऱ्यांनी रांग लावायची. बाबा त्या रेघेवर जाऊन उभे राहिले. पुढं कोणी नव्हतं, मागं कोणी नव्हतं. उजवा हात जरा वाकवलेला, त्यात डबा नव्हता. मग ते एक पाऊल पुढं सरकले, थांबले, पुन्हा एक पाऊल सरकले. पुढचा माणूस आत गेल्यावर सरकावं तसे. असे सरकत सरकत ते यंत्रासमोर पोचले आणि तोंड वर केलं.

कृपया फिर से प्रयास करें, बाईचा आवाज आला.

बाबांनी रुमालानं चेहरा पुसला, पुन्हा तोंड वर केलं.

कृपया फिर से प्रयास करें.

पहारेकरी माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या तोंडावर मघाचं हसू नव्हतं. "बोल दो ना उनको," तो हळू म्हणाला.

मी जवळ गेले. "बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभर, मी इथं कशी आले असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मग ते बाजूला झाले.

"काय नाय," म्हणाले. "भोंगा झाला ना."

परतीला त्यांनी एकही वळण सांगितलं नाही. बोईसरच्या नाक्यावर चहाची टपरी उघडी होती, तिथं थांबलो. बाबांनी बशीत चहा ओतला आणि तसाच निवू दिला. टपरीवाल्यानं विचारलं, "काका, माशी पडली का?" बाबांनी मान हलवली.

मग म्हणाले, "बाय, समज आपण विकले. तर ती शिल्लक कमी होईल?"

"नाही."

"आपल्या वाट्याची तरी?"

"नाही बाबा. आपले शेअर मालकाच्या नावावर जातील, बाकी काही बदलत नाही. कंपनीच्या वहीत शिल्लक होती तेवढीच राहते. एका रुपयानंही हलत नाही."

हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. शेअर या हातातून त्या हातात गेला तर कंपनीच्या घरात एक पैसाही इकडचा तिकडं होत नाही. मी परीक्षेत ते लिहून चांगले मार्क घेतले होते. बाबांना सांगताना मात्र जड गेलं. ते समजत होते की आपण आपला वाटा काढला तर कणगीत तेवढा खळगा पडेल. कोणाला तरी तो दिसेल. कोणी तरी विचारेल, इथलं कोण गेलं?

"मंजी आपण काढून घेतलं तरी कंपनीला कळणार नाय," ते म्हणाले.

"नाही कळणार."

"आन तो प्लांट तसाच गंजला तर?"

"आकडा गंजत नाही बाबा. तो तसाच दिसत राहील. एक दिवस कोणीतरी लिहील, की या लोखंडाला आता किंमत उरली नाही. त्या दिवशी तो एकदम खाली येईल."

"कोण लिहील?"

"ज्यांना आज लिहायचं नाहीये तेच."

त्यांनी बशीतला गार चहा प्यायला. मी पुढं सांगत होते. परवानगी मिळाली तर हाच कारखाना उद्या सोन्याचा होईल, मालक त्याच आशेवर शेअर घेतायत, भाव कमी आहे हे खरं, आणि थांबणं म्हणजे त्यांच्या आशेवर थांबणं. दोन्ही बाजू मांडायच्या, हे माझं काम आहे, ते मी केलं. बाबा ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांची नजर पश्चिमेला होती.

"तुझ्या आईला पायरी चढवत नाय," ते शेवटी म्हणाले. "विकून टाक."

मग स्कूटरवर बसताना म्हणाले, "एक ठेव."

"एका शेअरचं काय करणार?"

"पुस्तक येतं ना त्याचं."

घरी पोचलो तर आई ओटीवर चहाचं भांडं घेऊन बसलेली. "भोंगा झाला तवाच ठेवला होता," म्हणाली. "किती उकळू?" बाबांनी शर्ट काढून बादलीत टाकला आणि आत जाऊन आडवे झाले.

थोड्या वेळानं आईनं मला मोरीतून हाक मारली. हळू आवाजात, जशी ती कधी मारत नाही. बादलीत तो पांढरा शर्ट भिजत होता. मी दिवाळीला घेतलेला, निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी घेतलेला, त्या दिवशी पहिल्यांदाच अंगात घातलेला. कॉलरपासून पाणी पिवळं होत चाललं होतं. आईनं पाणी बदललं. तेही पिवळं झालं.

"कुठं नेलं होतंस तू यांना?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, पाइपाला हात लागला असेल, रंग नवा होता. पाइप निळे आणि हिरवे होते. आईनं ते विचारलं नाही.

मुदतीच्या आत शेअर विकले. आईचे दोन्ही गुडघे झाले, आधी डावा, मग उजवा. आता ती पायरी चढताना थांबते ती फक्त सवयीनं, आणि सवयीनंच शिवी देते. कणगी पेरणीला उघडली, दरवर्षीसारखी. भाव कमी होता का, अजून थांबलो असतो तर, असं फोनवरच्या गटात लोक अजून विचारतात. मी उत्तर देत नाही. ज्याला विचारायचं आहे त्याला मी एवढंच सांगते, की शिलकीची ओळ वाचली की तिथं थांबू नका, समोरची बाजू बघा, आणि शक्य असेल तर जाऊन बघा. पण एकट्यानं जा. ज्याचं आयुष्य त्यात गेलंय, त्याला बरोबर नेऊ नका.

यंदाचा अहवाल मेलवर आला. एका शेअरलाही त्यांनी पाठवला. मी ओटीवर बसून फोनवर उघडला. झाड होतं. वाक्य होतं. बाबा आतल्या खोलीत आडवे होते, दुपार कलायला लागली होती.

"बाय, शिल्लक किती झाली?" त्यांनी आतूनच विचारलं.

मी ओळ शोधली. आकडा वाचला.

"गेल्या सालापेक्षा?"

"वाढली, बाबा."

मला वाटलं त्यांना झोप लागली.

"मंजी कंपनीला कळलं नाय," ते म्हणाले.

मग पश्चिमेकडून तीनचा भोंगा झाला. आई उठली, आता ती सहज उठते, आणि तिनं आधण ठेवलं. आत बाबांनी उशी उलटी केल्याचा आवाज आला. मी आत गेले नाही. खालची बाजू आता वर आली असणार, आणि ती कुठल्या रंगाची आहे ते मला बघायचं नव्हतं.